गरबा ९ वाजून ७ मिनिटांनी सुरू झाला आणि माझा ग्राफ बिघडला

पार्ट टाइम एम.ई.चं डिझर्टेशन जून २०२५ मध्ये एकदाचं संपलं. वय ४१, मुलगी नववीत, दिवसभर मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिझाइनचं काम आणि संध्याकाळी कॉलेज. हे लिहायचं कारण एवढंच की ज्या एका गोष्टीपायी माझे फेब्रुवारी ते मे असे चार महिने गेले ती मला कुणी आधी सांगितली असती तर दीड महिन्यात आटोपलं असतं. वेळेच्या पायऱ्या टाकत चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये कुठला सॉल्व्हर (म्हणजे एकेका विषयाची समीकरणं सोडवणारा प्रोग्रामचा भाग) कधी चालवायचा, एवढीच ती गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटते, मलाही वाटली होती.

विषय सुचला ऑक्टोबर २०२४ च्या नवरात्रात. आम्ही दांडिया बाजारला राहतो, बडोद्यातल्या मराठी माणसाचा पत्ता अजून बहुतेक तोच असतो. कोपऱ्यावरच्या मैदानात गरबा आणि मैदानाच्या कडेला खांबांवर बसवलेला २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. दिवसभर बिचारा साठ टक्क्यांवर झोपा काढतो आणि रात्री नऊ वाजले की दिवे, साउंड, खाण्याचे स्टॉल सगळं एकदम त्याच्या अंगावर येतं. मनात आलं, असल्या नऊ रात्रींत याच्या आतल्या तारांवर गुंडाळलेल्या कागदाचं आयुष्य किती खर्च होत असेल? सर म्हणाले विषय चांगला आहे, लिहून द्या.

लिहून देणं म्हणजे फॉर्म. टॉपिक अप्रूव्हलच्या फॉर्मवर तीन सह्या, कंपनीच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र, आणि ते पत्र "टू व्हूम सो एव्हर" असं चालत नाही, विभागप्रमुखांच्या नावानेच पाहिजे, हे दुसऱ्या फेरीला कळलं. नोव्हेंबरात दिलेला फॉर्म उत्तरायणानंतर २० जानेवारीला मंजूर होऊन आला. टीप म्हणून सांगते, फॉर्मची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, आमच्याकडे मूळ प्रत एकदा हरवली होती आणि झेरॉक्सवर काम भागलं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर कंपनीचं लायसन्स शिक्षणासाठी वापरता येत नाही असं स्पष्ट सांगण्यात आलं, त्यात चूक काही नाही. मग एल्मर हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घेतलं. फिनलंडच्या सीएससी या संस्थेत १९९५ पासून बनत आलेलं, २००५ पासून ओपन सोर्स, फुकट. सगळी गोष्ट एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहायची, तिला सिफ फाईल म्हणतात. कुठलं मटेरियल, कुठल्या सीमा, कुठले सॉल्व्हर, किती सेकंदांची पायरी, सगळं तिच्यातच.

माझं मॉडेल थोडक्यात सांगते कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा, पाव तुकडा थ्रीडीत. एक सॉल्व्हर मॅग्नेटिक, तो लीकेज फील्ड (वाइंडिंगभोवती सांडणारं चुंबकीय क्षेत्र) काढतो आणि त्यातून कुठे किती लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, होतो ते देतो. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची, आता २४ तास तेवढ्या बारीक पावलांनी चालायचे म्हटलं तर नातवंडं येतील, म्हणून हा सॉल्व्हर फ्रिक्वेन्सीच्या हिशोबाने सोडवतो आणि सरासरी लॉस हातात ठेवतो. दुसरा सॉल्व्हर तापमानाचा, तो वेळेबरोबर चालतो, माझी पायरी ६० सेकंदांची. तिसरं मी स्वतः लिहिलेलं छोटं रूटीन, कागदाच्या म्हातारपणाचं. आणि चौथा फाईल लिहिणारा. तेलाचं आतलं वाहणं मी सोडवलेलं नाही, तेलाला एक तापमान धरलं, पार्ट टाइमवाल्याने कुठेतरी थांबायला हवं.

१५ फेब्रुवारीला, शनिवारी, पहिला पूर्ण रन लावला. एल्मरमध्ये प्रत्येक सॉल्व्हरला "एक्झेक सॉल्व्हर" म्हणून एक ओळ देता येते, ती दिलीच नाही तर तो "ऑल्वेज" चालतो. मी कुणालाच दिली नव्हती. आणि ऑल्वेज म्हणजे नुसतं प्रत्येक पायरीला नाही हं, एका पायरीच्या आत सॉल्व्हर एकमेकांशी जुळेपर्यंत जितक्या फेऱ्या मारतात त्या प्रत्येक फेरीला. माझ्या तीन फेऱ्या होत्या, किमान आणि कमाल दोन्ही ३ लिहून ठेवलेलं. मॅग्नेटिक सॉल्व्हरला एका वेळी तीन मिनिटं लागायची. आता करा हिशोब, २४ तासांच्या १४४० पायऱ्या, गुणिले तीन, गुणिले तीन मिनिटं. नऊ दिवस! हा हिशोब मी रन लावायच्या आधी नाही, सोमवारी सकाळी केला, जेव्हा दोन दिवसांत सिम्युलेशनमधले सव्वापाच तास पुढे सरकलेले दिसले. सगळ्यात पहिली टीप हीच, प्रत्येक सॉल्व्हर एकदा चालायला किती सेकंद लागतात ते लॉगमध्ये बघा आणि कागदावर गुणाकार करा, मग रात्रभर मशीन लावून ठेवा.

त्यात डिस्कही भरत आली होती. फाईल लिहिणारा दर पायरीला ८५ एमबीची व्हीटीयू फाईल ओकत होता, १४४० वेळा म्हणजे सव्वाशे जीबीच्या घरात. त्याला "आफ्टर सेव्हिंग" दिलं आणि आउटपुट इंटरव्हल ६० केलं, म्हणजे तासाला एकच फाईल. चोवीस फाईली झाल्या, दोन जीबी. तोपर्यंत घाबरून मी १ टीबीची एसएसडी ५,२०० रुपयांना घेऊन बसले होते, ती आता लेकीच्या फोटोंना कामी येते.

दुसरा रन २२ फेब्रुवारीचा. मॅग्नेटिकला "बिफोर टाइमस्टेप" दिलं, म्हणजे पायरी सुरू होताना एकदाच. तापमान दर फेरीला परत परत सोडवलं जातं पण मॅग्नेटिक शांत बसतो. ६० सेकंदांत तांब्याचं तापमान असं कितीसं हलणार, तेव्हा हे चालून जातं. आता नऊचे तीन दिवस झाले. मी खूश. एकसष्टाव्या तासाला वीज गेली.

यूपीएस नव्हता. रीस्टार्टची, म्हणजे थांबलं तिथून पुढे चालू करायची, फाईलही ठेवली नव्हती. त्या रात्री मी जेवले नाही असं सासूबाई सगळ्यांना सांगतात, खरं तर जेवले होते, लिलो चिवडा खाल्ला होता भांडंभर. यूपीएस आला ६,४०० रुपयांचा. आणि रीस्टार्टसाठी निकालाची फाईल ठेवायची सवय त्या दिवसापासून लागली, ती एका ओळीची गोष्ट आहे, कृपा करून पहिल्याच दिवशी लिहा. विजेचा खर्च लोक विचारतात म्हणून सांगते, माझं मशीन ३५० वॉटचं, ७२ तासांचे साधारण २५ युनिट, म्हणजे दोनेकशे रुपये. वीज महाग नाही पडत, आपली रजा महाग पडते.

तीन दिवसांचा एक रन म्हणजे महिन्यात फार तर आठ-नऊ रन, आणि मला वेगवेगळ्या लोडचे निदान बारा पाहिजे होते. मग सापडली ती ओळ, "एक्झेक इंटरव्हल्स". तिथे १५ लिहिलं की तो सॉल्व्हर दर पंधराव्या पायरीलाच चालतो, मधल्या चौदा पायऱ्या जुन्याच लॉसवर निघतात. ९६ वेळा तीन मिनिटं म्हणजे पावणेपाच तास, वर तापमानाचे दीड-पावणेदोन तास. संध्याकाळी लावा, सकाळी चहाच्या वेळेला तयार. होळीपर्यंत माझे पाच रन झाले आणि ग्राफ इतके गुळगुळीत आले की मी प्रेझेंटेशनच्या स्लाइडसुद्धा बनवून टाकल्या.

१२ एप्रिलला सरांना दाखवायला गेले. लोड असा घेतला होता, दुपारी बारापासून नऊपर्यंत ६० टक्के, नऊला एकदम १३० टक्के ते मध्यरात्रीपर्यंत, आणि मध्ये १० वाजून १० ते १० वाजून २० अशी दहा मिनिटं १५० टक्के, कारण मध्यंतरात सगळे स्टॉलवर तुटून पडतात आणि तळणीपासून फ्रीजपर्यंत सगळं एका वेळी चालतं. सरांनी स्लाइड बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, बराबर नव वाग्ये कोई दिवस गरबा शरू थया छे?"

मी हसले. खरंच आहे, बडोद्यात राहून मी नऊ म्हणजे नऊ लिहिलं होतं. म्हटलं पुढे सरकवते थोडं. सहज म्हणून सगळा लोड सात मिनिटं सरकवला, ९ वाजून ७ ला सुरुवात, स्टॉलची गर्दी १० वाजून १७ ते २७. बाकी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हॉटस्पॉट, म्हणजे वाइंडिंगमधल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान, साडेसहा अंशांनी उतरलेला.

सात मिनिटं उशिरा गरबा सुरू झाला म्हणून ट्रान्सफॉर्मर थंड राहतो? मेश बघितला, मटेरियल बघितलं, युनिट बघितली, रविवार गेला. सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये सिफ फाईलची प्रिंट घेऊन बसले होते आणि प्रतापनगरच्या पुलावर बस अडकली तेव्हा नुसतं बोटांवर मोजलं. दुपारी बारापासून मोजायला सुरुवात, सॉल्व्हर चालणार पायरी १, १६, ३१, ४६ अशा. पायरी ५४१ म्हणजे रात्री ९ वाजून १ मिनिट. १ + ३६ × १५ = ५४१. म्हणजे नऊचा गरबा माझ्या सॉल्व्हरला बरोबर सापडत होता तो निव्वळ नशिबाने! १० वाजून १६ म्हणजे पायरी ६१६, तीही त्याच माळेतली, त्यामुळे १०.१० ते १०.२० चा उंचवटा त्याने पाहिला, आणि पुढची पाहणी १०.३१ ला असल्यामुळे दहा मिनिटांची गर्दी पंधरा मिनिटं धरून ठेवली. म्हणजे जुना ग्राफही चूकच होता, फक्त दिसायला बरा. नव्या लोडमध्ये ९.०७ ला लोड चढला पण सॉल्व्हरला तो दिसला ९.१६ च्या पायरीला, आणि १०.१७ ते १०.२७ ची गर्दी तर १०.१६ आणि १०.३१ च्या मधोमध बसून गेली, ती त्याला दिसलीच नाही.

आता याचं गांभीर्य का ते सांगते. ट्रान्सफॉर्मरच्या लोडिंगचं जे आयईसी ६००७६-७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात छोट्या डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा टाइम कॉन्स्टंट (तापायला किती वेळ घेतं त्याचं माप) १८० मिनिटं दिलाय आणि वाइंडिंगचा ४ मिनिटं. तेल म्हैस आहे, पंधरा मिनिटं उशिरा कळलं तरी तिला काही फरक पडत नाही. वाइंडिंग मात्र बकरी. आठ मिनिटं म्हणजे तिचे दोन टाइम कॉन्स्टंट, तेवढ्यात ती आपल्या चढाचा ८६ टक्के भाग चढून मोकळी होते, आणि माझ्या मॉडेलमध्ये ती अजून संध्याकाळच्या लॉसवर निवांत बसलेली. ६० वरून १३० टक्के लोड म्हणजे लॉस जवळजवळ ४.७ पट, कारण तो करंटच्या वर्गाने वाढतो. मी १५ हा आकडा माझ्या झोपेच्या सोयीने निवडला होता, तो निवडायचा होता त्या लॉसवर जगणाऱ्या सगळ्यात चपळ गोष्टीकडे बघून.

इंटरव्हल २ केलं असतं तर परत दीड-पावणेदोन दिवसांचा रन. इथे सरांनीच मार्ग दाखवला आणि तो इतका सोपा होता की लाज वाटली, कारण ऑफिसात टेस्ट रिपोर्टमध्ये मी हे रोज करते. मॅग्नेटिक सॉल्व्हरला बदलता लोड द्यायचाच नाही. त्याला पूर्ण लोडचा करंट द्या, लॉस कुठे किती याचा नकाशा घ्या, आणि तापमानाच्या सॉल्व्हरला तो नकाशा देताना दर पायरीला लोडच्या वर्गाने गुणा. तापमानाची दुरुस्तीही तिथेच, तांब्याचा साधा आय स्क्वेअर आर लॉस (२३५ + आताचं तापमान) भागिले (२३५ + ज्या तापमानाला काढला ते) या प्रमाणात वाढतो, अ‍ॅल्युमिनियम असेल तर २२५ घ्या, आणि एडी लॉस (लीकेज फील्डमुळे तारेत भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या करंटचा) त्याच प्रमाणात उलटा कमी होतो. हा गुणाकार फुकटात होतो म्हणून तो दर पायरीला. महागडा मॅग्नेटिक सॉल्व्हर मग फक्त नकाशा ताजा करायला. लीकेज फील्डसाठी हे चालतं, लोखंड सॅच्युरेट होत असेल, म्हणजे करंट वाढवूनही चुंबकत्व फारसं वाढत नसेल, तिथे हा गुणाकार लावू नका.

खरं तर "बिफोर सिम्युलेशन" देऊन एकदाच चालवला असता तरी चाललं असतं बहुधा, पण मी भित्री, इंटरव्हल ३० ठेवलं. ४८ वेळा तीन मिनिटं, अधिक तापमानाचा वेळ, साधारण चार तास. मग एकदा छातीवर दगड ठेवून तीन दिवसांचा, दर पायरीला मॅग्नेटिक चालवणारा रन लावला, १ मेच्या सुट्टीला जोडून, यूपीएससकट. दोन्हींच्या हॉटस्पॉटमध्ये जास्तीत जास्त फरक ०.६ अंश. मग ६० आणि १५ इंटरव्हलनेही करून एक छोटा तक्ता बनवला. हा तक्ता बनवाच, पुढे सांगते का.

आता वाटलं संपलं. राहिलं होतं ते माझं छोटं रूटीन. त्याच आयईसीत साध्या कागदासाठी असं आहे की हॉटस्पॉट ९८ अंशांवर असेल तर म्हातारपणाचा वेग १, आणि वर दर ६ अंशांना वेग दुप्पट. म्हणजे १०४ ला २, ११० ला ४. दर पायरीला वेग गुणिले वेळ करून बेरीज करत जायची, चार ओळींचा कोड. याची परीक्षा सोपी आहे, तापमान जबरदस्तीने ९८ वर बांधा, २४ तास चालवा, उत्तर २४ तास आलं पाहिजे. माझं ७२ आलं.

तीन फेऱ्या! रूटीनला ओळ दिलेली नव्हती म्हणून ते ऑल्वेज होतं, आणि प्रत्येक पायरीत तीनदा बेरीज करत होतं. तापमानाला तीनदा सोडवलं तर बिघडत नाही, तो आपलं उत्तर सुधारतो, पण जो सॉल्व्हर साठवत जातो त्याला तीनदा बोलावलं की तो तीनदा साठवतो. मी शहाणपणा करून म्हटलं एवढं सारखं कशाला चालवायचं, "आफ्टर टाइमस्टेप" तर दिलंच वर इंटरव्हलही १० करून टाकलं. आता उत्तर २.४ तास. कारण कोडमध्ये मी पायरी म्हणून ६० सेकंद लिहून ठेवले होते, दहा मिनिटांनी एकदा येऊन ते एकाच मिनिटाची नोंद करून जायचं. नवरा बाजूला भाजी निवडत होता, त्याला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला, आपली दूधवाली दहा दिवसांनी येऊन एकाच दिवसाचे पैसे घेऊन गेली तर तू तिला शोधून दिले असतेस. इंटरव्हल काढलं, नुसतं आफ्टर टाइमस्टेप ठेवलं, २४ तास बरोबर आले. स्वस्त सॉल्व्हरवर काटकसर करायची नसते आणि साठवणाऱ्या रूटीनमध्ये मागच्या वेळेपासून किती वेळ गेला ते स्वतः मोजायचं, आकडा लिहून ठेवायचा नाही.

पुढचं भराभर. मे महिन्यात बारा रन, बेचाळीस डिग्रीत मशीन हॉलमध्ये आणि आम्ही सगळे आतल्या खोलीत. मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी २,००० रुपये, चलन बँकेत भरायचं आणि पावती विभागात द्यायची, ऑनलाइन भरलं तर विभागाला कळत नाही. सिमिलॅरिटी रिपोर्ट (मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा) पहिल्यांदा जास्त आला कारण सिफ फाईलचे नमुने परिशिष्टात होते, ती पानं वगळून परत करून घेतला, चार दिवस. बाइंडिंग रावपुऱ्यात, चार प्रती, १,५२० रुपये, सोनेरी अक्षरात माझ्या आडनावातला एक काना गेला तो परत छापून घेतला.

व्हायवा २१ जूनला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॉडेलचे फोटो पंधरा सेकंदात उलटले आणि विचारलं, "हे ३० कुठून आलं?" मी तो तक्ता उघडला, ६०, ३०, १५ आणि दर पायरीला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. मग ९.०७ ची गोष्ट विचारली कारण मी ती परिशिष्टात लिहिली होती, लिहू नको असं मैत्रीण म्हणाली होती. सगळी वीस मिनिटं त्यावरच गेली, घाम फुटला पण उत्तरं येत होती कारण ती चूक मी बोटांवर मोजलेली होती. बाहेर आल्यावर सरांनी सेव उसळ खाऊ घातली, तर्री जास्त.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी अर्ज, लायब्ररीचं नो ड्यूज, आणि त्यासाठी चार वर्षांपूर्वीची एक पावती लागली जी सुदैवाने सासूबाईंनी गॅसच्या बिलांमध्ये जपून ठेवली होती.

२२ सप्टेंबरला नवरात्र बसलं. पहिल्या रात्री मैदानाच्या कडेला, त्या खांबांपासून जरा लांब, मी घड्याळ बघत उभी होते आणि लेक ओढून म्हणत होती आई चल ना आत. माइक टेस्टिंग, मग आरती, मग परत माइक टेस्टिंग. पहिला ढोल पडला तेव्हा ९ वाजून २२ मिनिटं झाली होती.